तंतूला किती हात असावेत?

(प्रस्तावना)

वर्ध्याहून परत निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत गोरसपाक असतोच. तुपातलं हे बिस्कीट एखाद्या कोऱ्या कागदावर ठेवा आणि दहा मिनिटांनी उचला. खाली रुपयाएवढा डाग उरतो. तो कागद खिडकीसमोर धरला तर डागातून पलीकडचा उजेड जास्तच आत येतो. तुपाने कागद खराब केला, असं आपण म्हणतो. तुपाने केलं एवढंच, की कागदातली हवा हाकलली आणि त्या जागी स्वतः जाऊन बसलं. साध्या कागदाच्या जाडीत निम्म्याच्या आसपास जागा हवेचीच असते, आणि तंतू व हवा यांच्या सीमेवर उजेड विखुरतो म्हणून तर कागद पांढरा दिसतो.

आता दुसऱ्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. तुपाचा डाग पडलेला कागद ओढून पाहिला तर तो जवळजवळ पहिल्याइतकाच चिवट लागतो. पाणी पडलेला मात्र चिमटीत धरून जरा ताणला की मुकाट्याने दोन भाग होतो, आणि फाटल्या कडेला बारीक लव उभी राहते. ती लव म्हणजे तंतू. नीट पाहिलं तर त्यातले फारसे तुटलेले नसतात, एकमेकांपासून सुटलेले असतात.

हे पुस्तक या दोन डागांविषयी आहे. वस्तू बांधायचा, गुंडाळायचा, भरायचा कागद तुपाला आणि पाण्याला कसा पुरा पडेल, आणि त्यासाठी कागद ज्या सेल्युलोजच्या तंतूंचा होतो त्या तंतूंवरच काय संस्कार करता येतात, हा त्याचा विषय. हस्तलिखित माझ्या हाती देताना लेखकाने एक अट घातली होती: प्रस्तावनेत ‘केमिकल’ या शब्दाची वकिली करायची नाही आणि त्याला शिव्याही द्यायच्या नाहीत. वर्ध्यात बसून ही अट पाळणं वाटतं तितकं सोपं नाही.

कारण कागदाचा प्रश्न या गावात नव्वद वर्षं मुक्कामाला आहे. डिसेंबर १९३४ मध्ये इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेला मगनलाल गांधींच्या आठवणीने मगनवाडी नाव पडलं. जे. सी. कुमारप्पा संघाचे मंत्री झाले. लंडनमध्ये हिशेबतपासनीस म्हणून तयार झालेला आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा तंजावरचा माणूस मगनवाडीत घाणी, मधमाश्या, गूळ आणि कागद यांच्या हिशेबात रमला. संघाने हातकागदाचं काम हाती घेतलं आणि आपल्या कामकाजात तोच कागद वापरला. के. बी. जोशींचं ‘पेपर मेकिंग अ‍ॅज अ कॉटेज इंडस्ट्री’ हे पुस्तक संघानेच मगनवाडीतून काढलं. पुढे १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली, तीही याच धाग्यातून. मगनवाडीत आज मगन संग्रहालय आहे, ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेलं; आणि शेजारी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.

त्यामुळे वर्ध्यात कागदाची गोष्ट निघाली की दोन तट पडतात. एकाला हाताने केलेला, काहीही न घातलेला कागद पवित्र वाटतो. दुसऱ्याला तो लग्नपत्रिकेपुरता बरा वाटतो. दोघांचंही एक गृहीत चुकतं: काहीही न घातलेला कागद कधी नव्हताच.

जुन्नरी आणि दौलताबादी कागद घ्या. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गावच कागद करणाऱ्यांचं. चिंध्या आणि ताग भिजवायचे, चुना आणि खार घालून कुजवायचे, ढेंकीने कुटायचे, हौदातून साच्यावर उचलायचे. इथपर्यंत कागद झाला, पण त्यावर शाई फुटते. म्हणून वाळलेल्या कागदाला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं. घोटीव कागद हा शब्द तिथला. चुना तंतूंमधला चिकट मळ सोडवतो आणि कागदात थोडा क्षारही मागे ठेवतो, खळ पोकळ्या भरते, घोटणीने तंतू दाबून बसतात. पेशवे दप्तरातले रुमाल उघडले तर दोन-अडीचशे वर्षांचे कागद आजही बोटाला करकरीत लागतात, ते या तिन्ही गोष्टींमुळे.

पोथ्या लिहिणारे आणखी एक रसायन वापरत. चूक झाली की त्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासायचे आणि वर पुन्हा लिहायचे. आज आपण कोणाच्याही योजनेवर सहज ‘हरताळ फासतो’, पण हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग, म्हणजे चक्क विष. बोट ओलं करून पोथीची पानं उलटू नयेत, या सांगण्यात नुसती शिस्त नसावी, असं मला नेहमी वाटतं.

मग १८०७ मध्ये जर्मनीत मोरित्झ इलिग याने राळ आणि तुरटी थेट लगद्यातच घालायची युक्ती छापून प्रसिद्ध केली. प्रत्येक ताव वेगळा खळीत बुडवायची गरज राहिली नाही आणि यंत्राच्या कागदाचा रस्ता मोकळा झाला. किंमत नंतर कळली. तुरटी कागदात आम्ल सोडते, आणि आम्ल वर्षानुवर्षं सेल्युलोजची साखळी कडी-कडीने तोडत राहतं. तुमच्या कपाटातली १९५० च्या आसपासची मराठी पुस्तकं उघडा. कडेला तपकिरी झालेली पानं दुमडली की बिस्किटासारखी मोडतात. त्यांच्या शंभर वर्षं आधीचं खतपत्र मात्र शाबूत असतं.

इतकं सांगायचं कारण असं, की या पुस्तकाच्या पहिल्या भागात जी रसायनं येतात ती वाचकाला परकी वाटू नयेत. खळ, चुना, तुरटी, राळ ही त्यांचीच आजी-आजोबा. फरक एकच आहे, आणि तो मोठा आहे. जुन्या वस्तू तंतूंच्या आजूबाजूला बसत. नव्या पद्धती तंतूच्या रेणूलाच हात घालतात.

रेणूची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १८३८ मध्ये आन्सेल्म पेयां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने झाडांच्या पेशीभिंतीतला हा पदार्थ वेगळा ओळखला. ग्लुकोजचे हजारो मणी एका सरळ माळेत ओवलेले. प्रत्येक मण्याला तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे तीन मोकळे हात. कागद वाळताना पाणी उडून जातं, तंतू एकमेकांना भिडतात आणि हे हात एकमेकांना धरतात. कागदात गोंद नसतो, तरी तो धरून राहतो तो या हातांमुळे. पण हेच हात पाण्यालाही तितक्याच प्रेमाने धरतात. पाणी आलं की तंतू आपल्या शेजाऱ्याचा हात सोडून पाण्याचा धरतो आणि कागद सुटतो. तुपाला असा हात नाही, म्हणून तूप नुसतं पोकळीत शिरतं आणि कागद शाबूत राहतो.

यातच सगळी पंचाईत आहे. पाणी नको म्हणून सगळे हात बांधून टाकले, तर तंतू एकमेकांनाही धरत नाहीत. अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडने तंतूवर अ‍ॅसिटिल गट चढवत गेलं की पाणी कमी शोषलं जातं, पण कागद भुसभुशीत होत जातो. पुठ्ठ्याच्या धंद्यात माल ‘किती जीएसएम, किती बीएफ’ या भाषेत मागतात; म्हणजे चौरस मीटरला वजन किती आणि फुटायला दाब किती लागतो. हात जास्त बांधले की बीएफ ढासळतो. न बांधले तर पावसाळ्यात खोकं बसतं. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांवरून नव्वदवर गेली की पन्हाळी पुठ्ठ्याच्या खोक्याची रास पेलायची ताकद साधारण निम्म्यावर येते. कारंजा, आर्वी, आष्टीकडचा संत्रा उत्पादक पुठ्ठ्याच्या पेटीपेक्षा प्लॅस्टिकच्या कॅरेटवर भरवसा ठेवतो, त्यात त्याची काही चूक नाही. खालच्या थरातली फळं दबली तर भाव त्याचा पडतो, पेटीवाल्याचा नाही.

तर कला आहे ती काही हात बांधायची, काही मोकळे ठेवायची, आणि कुठले ते निवडायची. पुस्तकातला सर्वांत मोठा भाग त्याचा आहे आणि तो मला सर्वांत आवडला.

सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे अल्किल किटीन डायमर, धंद्यातलं नाव एकेडी. हा मेणासारखा पदार्थ लगद्यात टनाला एक-दोन किलो एवढाच पुरतो. त्याचं एक टोक तंतूच्या हायड्रॉक्सिलला पकडतं असं मानतात आणि तेलकट शेपट्या बाहेर राहतात. हात बांधले जातात ते मोजकेच, तेही पृष्ठभागावरचे, आणि तुरटीचं आम्लही लागत नाही. पाण्याचा थेंब मग अळूच्या पानावर बसावा तसा बसतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: थेंबाला अडवणं वेगळं आणि वाफेला अडवणं वेगळं. एकेडी दमट हवेला अडवत नाही. जाहिरातीत ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं पाहून फसणाऱ्यांसाठी लेखकाने या फरकावर स्वतंत्र प्रकरण खर्ची घातलं आहे, ते योग्यच.

दुसरा मार्ग उलट दिशेचा वाटेल. कार्बोक्सिमिथिलीकरण करून तंतूवर ऋणभारित गट बसवायचे. असं थोडंसं केलं की तंतू पाण्यात जास्त फुगतो, मऊ पडतो, कुटायला कमी ऊर्जा लागते आणि वाळताना शेजाऱ्याला जास्त जागी चिकटतो. कोरडा कागद मजबूत होतो. जास्त केलं तर तंतू विरघळूनच जातो, आणि मग तो सीएमसी या नावाने आइस्क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्ये भेटतो. एकाच क्रियेची दोन टोकं. पण या क्रियेला मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल लागतं, जे कातडी जाळतं आणि कातडीतून शरीरात शिरतं. ते घरगुती उद्योगाचं काम नव्हे, हे लेखकाने दोनदा लिहिलं आहे. मी तिसऱ्यांदा लिहितो.

लिंबातल्या सायट्रिक आम्लाचा मार्ग तुलनेने सौम्य. सोडियम हायपोफॉस्फाइटच्या सोबतीने आणि दीडशे अंशांच्या पुढच्या उष्णतेने हे आम्ल दोन साखळ्यांना आडवा टाका घालतं. टाका पाण्याने उसवत नाही, म्हणून ओला कागदही तग धरतो. पण टाके जास्त पडले की कापड जसं ताठर होतं तसा कागद ठिसूळ होतो आणि घडीवर तडकतो. खोक्याला तर चारी बाजूंनी घड्याच असतात. प्रमाण सापडलं तर काम होतं, नाहीतर साधा पुठ्ठा बरा म्हणायची पाळी येते.

याच्या पलीकडे दोन पद्धती अशा आहेत, की त्या वाचताना मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत परत गेल्यासारखं वाटलं. टोकियो विद्यापीठात अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाने मण्याचा तीनपैकी फक्त एक ठरावीक हात ऑक्सिडीकृत करून दाखवला. तंतूच्या आतले अतिसूक्ष्म धागे एकमेकांना ढकलू लागतात, आणि मग थोड्या घुसळणीने सुटे होऊन पारदर्शक खळीसारखं द्रव्य मिळतं. त्याचा थर कोरड्या हवेत प्राणवायूला जवळजवळ आत येऊ देत नाही. या कामासाठी त्यांना आणि योशिहारू निशियामा यांना २०१५ चं मार्कुस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळालं. दुसरी पद्धत स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या पेर लार्सन आणि लार्स वॉगबेरी यांच्या गटाची. त्यांनी परआयोडेटने मण्याचं कडंच उघडलं, आणि तेही तंतूच्या बाहेरच्या थरात जास्त, गाभ्यात कमी. असा कागद ताणला तर लांबतो, दाबला तर आकार धरतो. दोन्ही महाग आहेत आणि वर्ध्याच्या एमआयडीसीत उद्या सकाळी सुरू होणाऱ्या नाहीत. तरी त्या वाचल्या पाहिजेत, कारण एका हाताची निवड करता येते हे त्यांनी सिद्ध केलं.

सेल्युलोजच्या हातांवर काय बसवलं म्हणजे काय होतं, याचं टोकाचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. १८४६ मध्ये शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं मिश्रण चालवलं आणि कापसाचं स्फोटक झालं. नायट्रोसेल्युलोज आजही तोफा-बंदुकांच्या दारूचा मुख्य घटक आहे. सेवाग्रामचा चरखा आणि पुलगावचं दारूगोळा भांडार एकाच जिल्ह्यात असावेत, आणि दोन्हींच्या मुळाशी कापसाचा तोच मणी असावा, हे मला फार दिवस गंमतीचं वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही.

कापसाचा विषय निघालाच आहे तर कच्च्या मालाकडे येतो. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजांच्या काळात परदेशी बाजारात चालत होतं. जिनिंगमध्ये रुई निघते, सरकी उरते, आणि सरकीवर आखूड लव तशीच राहते. ही लव, म्हणजे लिंटर, जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. लाकडात तंतूंना चिकटवणारं लिग्निन असतं, ते इथे नाहीच, म्हणून शिजवणं आणि धुणं कमी. लांबी काही मिलिमीटर, कागदाला उत्तम. तरीही आपल्याकडे बरीचशी सरकी लव न काढताच तेलाच्या गिरणीत जाते. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने याच लवेपासून नॅनोसेल्युलोज करायचा प्रायोगिक प्रकल्प उभारला आहे. लवेवरचं प्रकरण जिनवाल्यांनी आणि तेल गिरणीवाल्यांनी तरी वाचावं.

पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडाबद्दल, मी लेखकाइतका आशावादी नाही. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचतात, काही चुलीत जातात, काही शेतातच पेटवतात. शेंदरी बोंडअळीचा मुक्काम तिच्यात राहतो म्हणून ती वेळेवर काढणं गरजेचंच आहे. तंतू जेमतेम मिलिमीटरभर, लिग्निन भरपूर, आतला गाभा पोचट. शिजवायला कॉस्टिक लागतं आणि मागे काळं पाणी उरतं. ते पाणी शुद्ध करायची सोय नसलेला छोटा कारखाना धाम नदीला परवडणार नाही. लेखक म्हणतो, जमेल. मी म्हणतो, आधी काळ्या पाण्याचं सांगा.

आता ज्या रसायनांना माझा सरळ विरोध आहे ती. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि टपरीवर कागदी कप आला. कप कागदी, पण आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा. आलुबोंडा वर्तमानपत्रावर देऊ नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत आहे, ते शाईमुळे. त्याच्या जागी जो तेल न शोषणारा गुळगुळीत कागद जगभर चालला, त्यातल्या बऱ्याच कागदांत फ्लोरिनची संयुगं होती. ती तुपाला अडवतात आणि नंतर निसर्गात कशानेच मोडत नाहीत. डेन्मार्कने अन्नाच्या कागदात ती जुलै २०२० पासून बंद केली, अमेरिकेतही २०२४ पर्यंत त्यांची या कामासाठीची विक्री थांबली. पोथीवरचा हरताळ निदान दिसत तरी होता.

कुमारप्पांनी अर्थव्यवस्थेचे दोन प्रकार सांगितले होते: साठ्यातून उपसणारी आणि प्रवाहातून घेणारी. खनिज तेल साठ्यातलं, कापूस आणि बांबू प्रवाहातले. त्यांच्या अनुयायांनी पुढे यातून ‘रसायन नको’ असा अर्थ काढला, तो मला कुमारप्पांच्या लेखनात दिसत नाही. प्रवाहातून घेतलेली वस्तू प्रवाहात परत जाते की नाही, एवढं पाहणं मात्र त्यांच्या विचाराला धरून आहे. याच कसोटीवर ओल्यातही न सुटणारी काही रेझिनं नापास होतात. ती घातलेला पुठ्ठा रद्दीत आला की लगदा व्हायला नाकारतो. एकेडी पास होतं. सायट्रिक आम्लाचे टाके मोजके असतील तर पास, जास्त असतील तर नापास. प्लॅस्टिकचा पापुद्रा नापास. आपल्याकडचा पुठ्ठा बहुतांशी रद्दीतूनच बनतो, तेव्हा ही कसोटी काही आश्रमातली नव्हे, धंद्यातली आहे. रद्दीचा तंतू प्रत्येक फेरीत वाळून थोडा आखडतो, पाण्यात पहिल्यासारखा फुगत नाही. अशा थकलेल्या तंतूला पुन्हा कामाला लावण्यात तंतूचं रसायन सर्वांत उपयोगी पडेल असं माझं मत आहे, आणि त्या विषयाला या पुस्तकात फक्त नऊ पानं मिळाली आहेत. दुसरी आवृत्ती निघाली तर लेखकाने हे आधी दुरुस्त करावं.

वाचकाला एक विनंती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी घरातले चार कागद घ्या: वर्तमानपत्राचा तुकडा, चहाचा कागदी कप, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूच्या खोक्याचा तुकडा आणि मिठाईच्या डब्याचं झाकण. चारही एका बादलीत पाण्यात बुडवा आणि झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी काठीने ढवळा. कुठल्याचा लगदा झाला आणि कुठला अजून तरंगतोय ते पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. शेवटच्या प्रकरणात त्याची गरज लागेल.